उताराला डिझेल लागत नाही

कसारा घाट उतरायला लागलो तेव्हा माझी पोरगी सहावीत होती. आता ती बारावीची परीक्षा देऊन मोकळी झालीये, आणि मी अजून घाट उतरतोच आहे.

लोकांना वाटतं सानप थापा मारतो. वाटू दे. ज्याला बघायचंय त्यानं घाटनदेवीला हात जोडावेत आणि खाली यावं. येत राहावं. कधीतरी डाव्या बाजूला माझा ट्रेलर दिसेल, निळं डोकं आणि मागं पांढरा कंटेनर. वेग चाळीस. इंजिन बंद. खिडकीत जो चिडलेला माणूस दिसेल तो मी, निवृत्ती सानप, राहणार सिन्नर तालुका.

या धंद्यातलं ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. डिझेल मालक मोजून देतो. नाशिकहून बंदरापर्यंत इतकं, परत यायला इतकं. त्यातलं वाचलं तर ड्रायव्हरचं, कमी पडलं तर भत्त्यातून कापतात. आता डिझेल महागलं की शहाण्या माणसानं भाडं वाढवावं की नाही? आमचा शेठ भाडं वाढवत नाही, आमचं माप कमी करतो. मग ड्रायव्हर काय करणार? उतार दिसला की गिअर काढून गाडी न्यूट्रलला सोडतो. माप फारच आवळलं की चावीसुद्धा फिरवतो. त्यात धोका आहे हे आम्हाला शिकवायला नको. इंजिन बंद म्हणजे हवा बनणं बंद, आणि मोठ्या गाडीचे ब्रेक हवेवर चालतात. टाकीत हवा असेल तेवढेच ब्रेक. हे आम्हाला झोपेतही ठाऊक असतं. पण ज्याचं जळतं त्याला कळतं, एसीत बसून सुरक्षेचे व्हिडिओ पाठवणाऱ्याला काय कळणार.

त्या दिवशी घोटीच्या पंपावर शिडी लावून एक माणूस भावाचा आकडा बदलत होता. मी ते बघत बघतच पुढे गेलो, घाटाच्या तोंडाशी गिअर काढला आणि चावी फिरवली. गाडी गपगार खाली निघाली. एरवी दोन गाणी वाजेस्तोवर कसारा येतं. कसारा यायच्या जागी एक वळण आलं. ते घेतलं तर पुढं आणखी एक. उजवीकडं दरी, डावीकडं डोंगर, मध्ये मी. संध्याकाळी फोनवर बातम्यांत सांगितलं की डिझेल वाढलं त्या प्रमाणात देशातले सगळे घाट लांबले आहेत. चढ होते तेवढेच राहिले. लांबले ते उतार.

मी लगेच इंजिन चालू केलं. मी काही मूर्ख नाही. गिअर टाकणार तेवढ्यात कंपनीचा फोन आला. फोनवर खैरनार, आमचा सुपरवायझर.

"सानप, स्क्रीनवर तुझं इंजिन चालू दिसतंय."

"हो साहेब. घाट संपत नाहीये."

"मग उतारच आहे ना? उताराला डिझेल लागत नाही. बंद कर, नाहीतर भत्त्यातून जाईल."

बंद केलं. म्हटलं, एवढं वळण झालं की येईलच कसारा. असं प्रत्येक वळणाला म्हटलं.

माणूस कशालाही सरावतो, याचाच मला जास्त राग येतो. ढाबेवाले बांबूला पिशवी बांधून कडेला उभे राहायला लागले. मी खिडकीतून हात काढायचा आणि पिशवी ओढून घ्यायची. भाकरी, ठेचा, कधी अंडाकरी. सुदाम न्हावी मोटरसायकलवर मागे उलटा बसून यायचा, त्याचा भाऊ गाडी चालवायचा, आणि सुदाम चाळीसच्या वेगात माझी दाढी करायचा. एकदाही कापलं नाही. झोप सरळ रस्त्यावर घ्यायची. वळण आलं की गाडी एका अंगाला कलते, त्यानं जाग येते. बाकीच्या विधींचं विचारू नका.

कंटेनरमध्ये द्राक्षं होती. परदेशी जाणारा माल, थंड ठेवायला कंटेनरला वेगळं छोटं इंजिन, त्यालाही डिझेल. ते पहिल्याच आठवड्यात फोनवरून बंद करायला लावलं. द्राक्षांचे बेदाणे झाले, मग बेदाण्यांचं काय झालं मला माहीत नाही. मागून वास येतो आणि घोंघावल्याचा आवाज येतो. सील तोडायची मला परवानगी नाही, म्हणून मी बघत नाही.

सिंधू, माझी बायको, पहिल्या रविवारी आली. माझा मेव्हणा ज्ञानदेव मोटरसायकल चालवत होता, ती मागे, आणि दोघांच्या मध्ये प्रांजल. ते माझ्या दाराशी आले आणि बरोबरीनं चालायला लागले.

"अहो, डबा घ्या," सिंधू म्हणाली. "मेथीची केलीये."

प्रांजल माझ्याकडं रागानं बघत होती. हा राग तिला माझ्याकडून आलाय. "पप्पा, तुम्ही शनिवारी येणार होता."

"घाट संपला की येतो."

"कधी संपणार?"

"डिझेल उतरलं की."

तिनं जरा विचार केला. "ते कधी उतरलंय?"

सहावीतल्या पोरीला जे कळलं ते सांगायला बातम्यांत कोट घालून चार चार माणसं बसतात. परत जाताना ते कडेकडेनं वर चढले, त्यांच्या गाडीचा आवाज बराच वेळ येत राहिला. तो ऐकत मी मेथी खाल्ली.

तेव्हापासून मला एकच पाहिजे होतं. पोरगी मोठी व्हायच्या आत या गाडीतून खाली उतरायचं आणि घरी जायचं. दुसरं काही मागितलं असेल तर घाटनदेवीची शपथ, माझी जीभ झडो.

खैरनार पहिल्यांदा समक्ष आला तेव्हा पावसाळा संपला होता. स्कूटर कंपनीचा वॉचमन चालवत होता, हा मागे बसलेला, इस्त्रीचा शर्ट, हेल्मेटची काच वर. चेहरा असा की जणू माझ्या घरी बारशाला आलाय.

"सानप, शेठ जाम खूश आहेत तुझ्यावर."

"का?"

"किलोमीटर बघ ना तुझे. भाडं किलोमीटरवर लागतं. डिझेल शून्य. असा ड्रायव्हर सगळ्या कंपनीत नाही."

"साहेब, मला पोचायचंय."

"पोचून काय करणार? पोचलं की परत चढ." तो हसला आणि वॉचमनला म्हणाला, "घे जरा मागं."

आरशात मला दिसलं ते सांगतो. त्यानं माझ्या डिझेलच्या टाकीचं झाकण उघडलं. पिशवीतून नळी काढली, तिचं एक टोक टाकीत सोडलं, दुसऱ्या टोकानं तोंडानं ओढलं, थुंकला आणि नळी कॅनमध्ये धरली. चालत्या गाडीतून, भर दुपारी, माझ्या डोळ्यांदेखत. मी हॉर्न दाबला, तर हॉर्नलाही हवा लागते म्हणून लगेच सोडला. कॅन भरल्यावर तो पुन्हा दाराशी आला.

"माझं डिझेल आहे ते," मी म्हणालो.

"तुझं कसं? कंपनीचं. पडून राहिलं तर खराब होतं. शेठच्या बंगल्यावर जनरेटरला लागतं."

"मग मी थांबू कसा?"

"थांबायला कोण सांगतंय तुला?"

मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. वॉचमननं मान खाली घातली, कारण तो माझ्याच गावाकडचा. खैरनारनं मात्र रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाला की एवढा कडक वास असलेलं डिझेल हल्ली मिळत नाही.

आमची जात वाहतुकीची. माझा पणजोबा बैलांच्या पाठीवर गोण्या टाकून कोकणातून मीठ वर आणायचा, याच घाटानं. बैल दमले की सोडायचे, ते कडेचं गवत खायचे, माणसं भाकरी खायची, पुन्हा निघायचे. गवताला कोणी भाव लावला नव्हता. लावला असता तर पणजोबानं भाव लावणाऱ्याला त्याच गोणीत घालून दरीत सोडला असता. आमच्यात ती धमक राहिली नाही. आमच्यात फोन उचलायची धमक तेवढी राहिली.

त्यानंतर डिझेल वाढत गेलं आणि उतार लांबत गेला. ज्या दिवशी वाढायचं त्या दिवशी मला कळायचं, बातम्या लागायच्या आधी. पुढचा रस्ता चादर झटकल्यासारखा एकदा हलायचा आणि दिसत असलेलं शेवटचं वळण लांब जायचं. कसारा किती उरलं ते सांगणारे दगड होते. त्यांच्यावरचे आकडे वाढायला लागले. मी बघायचं सोडलं.

मग मागून इलाही आला. इलाही मुलाणी, मिरजेचा, जुना दोस्त. त्याच्या गाडीवर पोलादाच्या पत्र्याची वेटोळी, म्हणजे माझ्या दुप्पट वजन. आरशात तो हळूहळू मोठा होत होता. त्याचा फोन आला.

"निवृत्ती, माझी हवा संपली रे."

हवा संपली की ब्रेक आपोआप जाम होतात आणि गाडी थांबते, असं आम्हाला ट्रेनिंगला आलेल्या साहेबानं सांगितलं होतं. चित्रं काढून सांगितलं होतं. इलाहीची हवा संपली आणि तसलं काही झालं नाही. त्या साहेबाला कोणीतरी या उतारावर आणून सोडा, चित्रांसकट.

"ये," मी म्हणालो. "टेक माझ्यावर."

त्याचा बंपर माझ्या कंटेनरला लागला. फार जोरात नाही. पाठीला कोणी पाठ लावावी तसा. आता वळणावर मी ब्रेक लावला की दोन गाड्या सावकाश व्हायच्या आणि माझी हवा दुप्पट खर्च व्हायची. मग इलाहीच्या मागे एक गुजरातचा टँकर टेकला, त्याच्या मागे कांद्याची गाडी, तिच्यामागे आणखी. पार वरपर्यंत लाइन लागली. सगळ्यांची इंजिनं बंद, सगळ्यांच्या टाक्या कोरड्या, आणि अख्ख्या लाइनीत हवा कोणाकडे, तर एकट्या सानपाकडे. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. पण मी कोणाला नाही म्हटलं नाही. नाही म्हणायला बाजूला तरी व्हावं लागतं, आणि बाजूला दरी होती.

एका उघडीपीच्या दिवशी घाटातून समुद्र दिसला. कसाऱ्यातून समुद्र दिसत नाही, हे मलाही माहीत आहे. पण आम्ही इतके खाली आलो होतो की दिसला. त्याच दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"सानप काय? मी पावसकर बोलतोय, जहाजावरून. थर्ड इंजिनिअर. तुमचा द्राक्षांचा डबा आमच्याकडे चढायचा आहे. कधी पोचताय?"

"तुम्ही थांबलात कुठे?"

"थांबलेलो नाही." त्याच्यामागून कसलाच आवाज येत नव्हता. "तेल परवडत नाही म्हणून कंपनीनं इंजिनं बंद करायला लावली. समुद्राला उतार आहे. आमच्या पुढे बरीच जहाजं आहेत, मागे पण आहेत."

मी खाली बघितलं. खरंच, जहाजं एकामागे एक ओळीनं, नाकं खाली करून निघाली होती, आणि क्षितिजावर पाणी वाकलं होतं तिथून एकेक दिसेनासं होत होतं.

"घरी कोण कोण असतं?" मी विचारलं.

"आई. दापोलीला." मग तो म्हणाला, "पोचलात तर कळवा हां."

"कळवतो," मी म्हणालो, आणि फोन ठेवल्यावर शिव्या दिल्या. कोणाला दिल्या ते मला सांगता येणार नाही. ज्याला दिल्या पाहिजेत तो कधी घाटात येतच नाही.

सिंधूचं येणं हळूहळू कमी झालं. तिचा दोष नाही. पेट्रोलही वाढत होतं, आणि घाट जितका लांबायचा तितकं तिला मला शोधत खाली यावं लागायचं आणि तेवढंच परत चढावं लागायचं. दर रविवारचं महिन्यावर आलं, मग सणावर. दिवाळीला यायचे तिघं. चकली आणायचे आणि मी खाताना न बोलता बरोबरीनं चालायचे. बरोबरीनं चालणं मोठं असतं, हे घरात राहणाऱ्याला कळत नाही.

दहावीच्या वर्षी प्रांजल एकटी आली. ज्ञानदेवाचीच जुनी मोटरसायकल, स्वतः चालवत होती. वेणी कापलेली. मला आधी ओळखूच आली नाही, आणि त्याची मला इतकी लाज वाटली की मी तिच्यावरच ओरडलो.

"कोणी सांगितलं एकटीनं यायला?"

"कोणी आणायला नाही म्हणून आले." तिनं मान वळवून माझ्या चाकांकडं बघितलं, मग पुढं. "पप्पा, उडी मारा. मी बाजूला गाडी धरते. मागच्या सीटवर उडी मारा."

"आणि ही गाडी?"

"जाऊ दे ना दरीत. तुमची आहे का?"

"मागे इलाहीचाचा आहे. त्याच्या मागं लाइन आहे. मी नसलो तर वळणावर त्यांना कोण धरणार?"

"आणि मला?" ती म्हणाली. "मला कोण धरणार? आई रोज संध्याकाळी दार उघडं ठेवते. शेजारच्या बायका विचारतात, कुठे असतात मिस्टर? ती म्हणते, घाटात. सगळ्यांना वाटतं तुम्ही दुसरं घर केलंय. मला पण कधी कधी वाटतं, तुम्हाला उतरायचंच नाही."

खूप बोलता आलं असतं. ती आणखी थोडी बरोबर आली, मग वळली आणि कडेनं वर गेली. तिच्या गाडीचा आवाज जाईपर्यंत मी कान देऊन होतो. मग मी स्टिअरिंगवर बुक्क्या मारल्या. हाताला लागलं. स्टिअरिंगला काही झालं नाही.

त्या दिवसापासून मी हवा जपायला लागलो. वळणं ब्रेकशिवाय घ्यायला शिकलो, डोंगराच्या अंगाला टायर घासून. इलाहीनं तिकडून वजन सांभाळलं. तरी हवेचा काटा खाली येतच होता. शेवटी एक ब्रेक उरला. पूर्ण दाबलेला, एकच.

आणि मग या उन्हाळ्यात सुदाम न्हावी दाढी करता करता म्हणाला, "सानपभाऊ, पुढं दरड कोसळलीये. डावीकडं तांबड्या मातीचा हा मोठा ढीग. मऊ आहे. माझी गाडी गुडघाभर रुतली. असेच चालत राहिलात तर उद्या दुपारी तिथं पोचाल."

"रस्ता बंद आहे?"

"नाही. कडेला आहे. नाक घातलं तर थांबाल, नाही घातलं तर पुढं जाल."

मी इलाहीला फोन केला. त्यानं मागच्याला केला, त्यानं त्याच्या मागच्याला. सगळ्यांनी मिळून ठरवलं. त्या ढिगाच्या आधी मी शेवटचा ब्रेक दाबायचा, सगळी लाइन सावकाश करायची, आणि नाक मातीत घालायचं. एकमेकांना टेकून सगळे थांबतील. सगळे उतरतील. मग चालत वर जायचं, शेठला सांगायचं की तुझ्या गाड्या घाटात आहेत, आण जा तुझं डिझेल घालून. आपापल्या केबिनमध्ये बसलेली ती सगळी माणसं त्या रात्री जेवली नाहीत म्हणे. भूकच लागली नाही.

घरी फोन केला. "उद्या उतरतो," मी म्हणालो. पलीकडे सिंधू रडली, मग म्हणाली की भात टाकते, जसा काही मी एस. टी. स्टँडवर उभा आहे. प्रांजलनं फोन ओढून घेतला.

"मी घ्यायला येते."

"नको. येईन मी चालत."

"एवढा चढ? तुमच्या पायांना सवय राहिलीये का? मी येते, पप्पा. गप बसा."

मी गप बसलो. खरं सांगतो, बरं वाटलं.

सकाळी खैरनार आला. एकटाच होता, वॉचमन नव्हता. स्कूटर माझ्या दाराशी आली तरी मला कळलं नाही, त्यानं काचेवर टकटक केलं तेव्हा बघितलं.

"सानप, कानावर आलंय की तू थांबणार आहेस. शेठनी निरोप दिलाय. थांबायचं नाही. करारात थांबणं बसत नाही."

मी त्याच्या स्कूटरकडं बघत होतो. "साहेब, गाडी बंद आहे तुमची."

"हो. पेट्रोलचा भत्ता बंद केला ना कंपनीनं. म्हटलं, उतारच आहे." तो हसला. "उताराला कुठं लागतं?"

"परत कसे जाणार?"

त्यानं मान वळवून वर बघितलं. घाट वर जात होता, वळणामागून वळण, ट्रकच्या टपांवरून, ढगापर्यंत. त्यानं बटण दाबलं. स्कूटर खाकरली आणि गप्प झाली. पुन्हा दाबलं. त्याच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी राहिलं, पण त्याच्यामागं काही उरलं नाही. त्यानं ब्रेक दाबला, दोन्ही हातांनी दाबला. स्कूटर तशीच चालत राहिली आणि माझ्या पुढं निघाली.

"सानप," तो मागं बघून म्हणाला, "सानप, टेकू का तुझ्यावर?"

तो माझ्या पुढं होता. पुढच्याला टेकता येत नाही. मी हसलो, पोटभर हसलो, इतकी वर्षं साठलेलं सगळं हसलो. वळणापाशी त्याचं हेल्मेट दिसेनासं झालं. मग मी हसायचा थांबलो, कारण तेव्हा मला पहिल्यांदा सुचलं की आता घाटात कोणीही असं येईल.

दुपारी तांबडी माती दिसली. सुदाम खोटं बोलला नव्हता. डोंगराचा अख्खा तुकडा खाली येऊन बसला होता, ओला, मऊ, ट्रकचं डोकं आरामात आत जाईल इतका. मी फोन कानाला लावला.

"इलाही, दिसला."

"दिसला रे मला पण," इलाही म्हणाला. त्याचा आवाज पोरासारखा झाला होता. "तू दाब म्हणजे झालं. आम्ही धरून बसलोय."

मी ब्रेकवर पाय ठेवला. काट्याकडं बघितलं. हवा होती, एका ब्रेकपुरती, नेमकी. आरसा बघितला, मागं इलाहीची काच, त्यामागं काचाच काचा, उन्हात चमकणाऱ्या. पाय दाबायला घेतला.

"पप्पा."

उजवीकडं, माझ्या दाराला लागून, प्रांजल होती. कधी आली ते मला कळलं नाही. मागच्या सीटला माझा धुतलेला शर्ट दोरीनं बांधला होता. ती हसत होती, सहावीत असताना हसायची तशी, सगळे दात दाखवून.

मी ऐकत राहिलो. वारा होता, टायर होते. तिच्या गाडीचा आवाज नव्हता.

"गाडी चालू कर," मी म्हणालो.

"करते ना. वर जाताना करते." ती फार खूश होती, स्वतःवर खूश होती. "जाताना दोघं असणार ना आपण. डबल सीट, एवढा चढ. पेट्रोल पुरायला नको? म्हणून वरपासून बंदच करून आले. एक थेंब नाही घालवला."

"प्रांजल, आत्ता चालू कर. आत्ता."

माझा आवाज तिनं ओळखला. तिनं किक मारली. गाडी खाकरली आणि गप्प झाली. तिनं पुन्हा मारली. तिनं ब्रेक दाबला, माझ्याकडं बघितलं, पुन्हा दाबला.

मी थांबलो असतो तर ती पुढं गेली असती. एकटी, चाळीसच्या वेगानं, खैरनार गेला त्या वळणाकडं.

"निवृत्ती," फोनमध्ये इलाही म्हणाला, "दाब. आलं बघ. दाब ना."

तांबडी माती डावीकडच्या खिडकीत आली. खिडकी भरून माती. ओल्या मातीचा वास केबिनमध्ये शिरला.

"निवृत्ती, दाब रे. अरे बाबा, दाब."

प्रांजलनं डावा हात लांब करून माझ्या दाराची दांडी घट्ट धरली, आणि उजव्या पायानं किक मारत राहिली. मी ब्रेकवरचा पाय उचलला.